फुकटचा सीए आम्हाला परवडला नाही (छोट्या संस्थेच्या सीएचा रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, नाव टाकणार नाहीये. एकतर त्यांनीच सांगितलंय की मॅडम नवीन संस्था पाठवू नका, आहेत तेवढ्याच आवरत नाहीत, आणि दुसरं म्हणजे खाली त्यांची गाऱ्हाणी पण लिहिणार आहे, उगाच नाव घेऊन कशाला. पण दर सप्टेंबरात कुणी ना कुणी संस्थावाला फोन करतो आणि रडकुंडीला येऊन विचारतो, ताई तुमचा सीए कोण, आमचा फोनच उचलत नाहीये. दरवेळी तेच तेच अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकते.

आमची संस्था सोलापुरात आहे, १४ वर्षं झाली. काम म्हणजे विडी कामगारांच्या वस्तीतली १२ ते १८ वयाची पोरं, शाळा सुटलेली, सुटायच्या बेतात असलेली, लग्न ठरायला लागलेल्या मुली, बाप दारूत आणि आई विड्या वळतेय अशी घरं. शिवाय स्टेशनवर उतरलेली पोरं. मुंबई-चेन्नई लाईनवरचं स्टेशन, त्यामुळे घरातून पळालेलं पोरगं कधी ना कधी आमच्या फलाटावर उतरतंच. ११ माणसं पगारावर, वर्षाचं बजेट ४२ लाखांच्या आसपास, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मानाने चिल्लर, आणि आमच्या मानाने छातीवर दगड.

मी समाजकार्य शिकलेली बाई. मला वाटायचं संस्था चालवणं म्हणजे पोरं, पालक, शाळा, बाल कल्याण समिती, पोलीस. हिशोब म्हणजे वर्षातून एकदा करायची कटकट, दिवाळीच्या साफसफाईसारखी. पहिली १० वर्षं तसंच चाललं कारण आमच्या एका विश्वस्तांचे मित्र सीए होते आणि ते फुकट करून द्यायचे. फुकट! आम्ही प्रत्येक वार्षिक अहवालात त्यांचे आभार मानायचो, शाल-श्रीफळ पण एकदा दिलंय.

तर हे फुकट काय भावाला पडलं ते ऐका. २०२१-२२ या वर्षापासून नियम आला की ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी) असलेल्या संस्थेनं प्रत्येक देणगीदाराची माहिती, पॅन किंवा आधारसकट, १०बीडी नावाच्या फॉर्ममध्ये भरायची, मुदत ३१ मे, आणि मग त्यातून जे १०बीई सर्टिफिकेट निघतं ते देणगीदाराला द्यायचं. आपलं जुनं पावतीपुस्तक एकट्यानं आता चालत नाही. आमच्या साहेबांना हे माहीतच नव्हतं, किंवा माहीत असेल पण फुकटच्या कामाला कोण आठवण ठेवतंय. मला कळलं कधी, तर एका निवृत्त बँकवाल्या काकांचा फोन आला तेव्हा. दरवर्षी १० हजार देणारे माणूस, आवाज कधी चढला नव्हता त्यांचा. म्हणाले, ताई माझ्या रिटर्नमध्ये तुमची देणगी दिसतच नाहीये, तुमची संस्था खरी आहे ना?

खरी आहे ना. तो प्रश्न अजून कानात आहे माझ्या.

शेवटी फॉर्म भरला गेला ८ ऑक्टोबरला. उशीर १३० दिवस, दिवसाला २०० रुपये लेट फी, करा गुणाकार, २६ हजार. आमच्या फिल्डवरच्या एका ताईचा दोन महिन्यांचा पगार. साहेबांना फोन केला तर म्हणाले, अहो मी सेवा म्हणून करतो, एवढं काय धरून बसता. आता सेवा म्हणून करणाऱ्याशी भांडायचं कसं, तिथंच तर अडतं सगळं. पैसे देत असतो तर चार शब्द सुनावले असते. काकांनी पुढच्या वर्षी देणगी दिली नाही, मी पण परत फोन केला नाही, तोंड नव्हतं.

आणि त्याच वर्षी दुसरं बाहेर आलं. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त कोविडमध्ये गेले, त्यांच्या जागी आम्ही नवीन घेतले, मीटिंग झाली, ठराव झाला, फोटो पण काढला, पण धर्मादाय ऑफिसला चेंज रिपोर्ट टाकायचा असतो ९० दिवसांत, तो कुणी टाकलाच नव्हता. मी समजत होते साहेबांनी टाकलाय, साहेब समजत होते वकिलांनी टाकलाय आणि वकील आम्ही कधी लावलाच नव्हता. बँकेनं केवायसीला शेड्यूल वनचा उतारा (धर्मादायच्या नोंदीतली विश्वस्तांची नावं) मागितला आणि त्यात गेलेल्या माणसाचं नाव, सही करणारा माणूस उताऱ्यात नाही. खातं अडकलं ३ आठवडे. पगार थांबले. मी माझी एफडी मोडून पगार केले आणि घरी सांगितलं की मुदत संपली म्हणून मोडली. (नवऱ्याला नंतर कळलंच, तो वेगळा विषय.)

तर अशा अवस्थेत या नवीन सीएंकडे गेले. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वर ऑफिस, खाली नऊवारीचे गठ्ठे आणि वर फायलींचे. मी सोबत चार वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, संस्थेची घटना, ठरावबुक असं पोतंभर नेलं होतं. त्यांनी पोत्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न असा की, रात्री दोनला स्टेशनवर पोरगं सापडलं तर त्या वेळी खिशातनं पैसे कोण काढतं?

मी म्हणलं, जो ड्युटीवर असेल तो.

परत कधी मिळतात त्याला?

मिळतात... कधीतरी.

लिहून कोण घेतं?

मी गप्प.

इथंच मला कळलं की ह्या माणसाला आमचा धंदा कळतो. कारण आमच्या कामातला निम्मा खर्च असा असतो ज्याला बिलच नसतं ओ. रात्रीची रिक्षा. फलाटावरचा चहा आणि वडापाव. बापाला समजवायला घरी गेलं की त्याला घेऊन टपरीवर बसावं लागतं, घरात बायकोसमोर तो बोलत नाही. मुलीला पाळी आली आणि आई विड्यांच्या कारखान्यात माल द्यायला गेलेली, पॅड कोण आणणार. आधारकार्डासाठी फोटो. चप्पल. चप्पलचं सांगते थांबा.

एक १३ वर्षाचा पोरगा, रेल्वे पोलिसांनी आमच्या ताब्यात दिला, अनवाणी. बाल कल्याण समितीसमोर २४ तासांच्या आत उभं करायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून, आणि मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे डांबर पायाला चिकटतं. आमच्या फिल्डवरच्या दादानं फुटपाथवरनं १२० रुपयांची चप्पल घेतली. आता फुटपाथवाला बिल देणार का? जुन्या साहेबांच्या काळात असले खर्च आम्ही "किरकोळ" मध्ये घालायचो आणि किरकोळ एवढं फुगलं होतं की एका फंडरनं विचारलंच, तुमच्याकडे किरकोळ म्हणजे नक्की काय?

नवीन सरांनी काय केलं, एक साधं छापील व्हाउचर करून दिलं. तारीख, किती वाजता, कुठं, काय घेतलं, बिल का नाही, कुणी दिले, कुणी बघितलं, दोन सह्या. ५०० रुपयांच्या वर असं व्हाउचर चालणार नाही, त्याच्या वर बिल हवंच. प्रत्येक फिल्डवाल्याला ३ हजाराची उचल, आठवड्याला व्हाउचर द्या, पैसे भरून घ्या. बास. एवढंच. पण या "बास"ला १० वर्षं लागली आम्हाला. तोपर्यंत माझी माणसं स्वतःच्या १३ हजारातनं पोरांना चप्पल घेत होती आणि मागायला लाजत होती, आणि मी बाहेर भाषणं देत होते की आमचे कार्यकर्ते किती मनापासून काम करतात. मनापासून काय, खिशापासून करत होते.

यात एक गोष्ट मात्र मी त्यांना शिकवली, ती पण लिहिते, नाहीतर वाटेल मी नुसतीच ऐकत बसले. त्यांच्या आर्टिकलच्या (सीए होण्यासाठी हाताखाली शिकणाऱ्या) मुलानं व्हाउचरवर मुलाचं पूर्ण नाव, वय आणि "घरातून पळून आलेला" असं लिहायला सांगितलं होतं, पुरावा पक्का व्हावा म्हणून. मी म्हणलं सर, ही फाईल तुमच्या ऑफिसात पाच जण बघणार, फंडरला जाणार, उद्या कुणी झेरॉक्स काढणार. बाल न्याय कायद्यात मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि पॉक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची) केस असेल तर अजूनच कडक. शिवाय कायदा सोडा, ते पोरगं उद्या २० वर्षांचं होईल. तेव्हापासून व्हाउचरवर फक्त केस नंबर. नंबर आणि नाव जोडणारी वही माझ्या कपाटात, किल्ली दोघींकडे. सरांनी ते ऐकलं आणि आता त्यांच्याकडच्या बाकीच्या बालसंस्थांना पण लावलंय म्हणे. ऐकणारा सीए ही दुर्मिळ जात आहे, तुमचा ऐकत असेल तर जपा त्याला.

आता शिवणमशीन.

दुसऱ्या वर्षी ते न सांगता सेंटरवर आले. मला वाटलं चहाला आले असतील. डेड स्टॉक रजिस्टर मागितलं आणि एकेक वस्तू मोजायला लागले. खुर्च्या बरोबर, पंखे बरोबर, कॉम्प्युटर एक बंद पण आहे. शिवणमशीन रजिस्टरला ८, हॉलमध्ये ७. माझ्या पोटात गोळा. आठवं कुठाय ते मला माहीत होतं, पण सांगायचं कसं ते कळेना. शेवटी म्हणलं, चला दाखवते.

वस्तीत, गल्लीच्या टोकाला, पत्र्याचं घर. ती बाई सूप मांडीवर घेऊन बसायची, भिजवलेलं पान, कात्री, तंबाखू, दोरा, हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही आणि शेजारी तिची १४ वर्षाची पोरगी पानं कापून द्यायची, कारण एकटीनं हजार होत नाहीत. पोरगी सातवीतून सुटलेली. नवरा वारलेला, सासरच्यांनी स्थळ आणलेलं. आम्ही चार महिने जात होतो. शाळेत घाला म्हणलं की आई एकच विचारायची, अक्का, मग पानं कोण कापणार? आणि या प्रश्नाला आमच्या कुठल्याच प्रोजेक्टमध्ये उत्तर नव्हतं. शेवटी आमची ताई एक दिवस रिक्षात घालून मशीन घेऊन गेली, मी हो म्हणलं होतं, तोंडी. आई आता पिको-फॉल आणि परकर शिवते, विड्या पण वळते थोड्या. पोरगी नववीत. बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० सुरू झालेत, त्याची कागदं जमवायलाच आठ महिने गेले, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिच्या सासऱ्याच्या ट्रंकेत होता.

सर दारात उभे राहिले, मशीनकडे बघितलं, त्या बाईनं चहा ठेवला, तो प्याले. मशीनवरचा आमच्या संस्थेचा रंगवलेला नंबर वाकून वाचला आणि वहीत टिक केली. बाहेर आल्यावर म्हणाले, दिलंत ते चांगलं केलंत, पण ठराव कुठाय?

मी म्हणलं, सर, ठराव करत बसले असते तर पोरीचं लग्न लागलं असतं.

म्हणाले, बरोबर आहे, मग आधी द्या आणि पुढच्या मीटिंगला ठराव घ्या, पण घ्या. आज मी आलोय, उद्या कुणी वाईटावरचा माणूस आला तर तो लिहील की मॅडमनी संस्थेचं मशीन ओळखीच्या घरात ठेवलंय. आणि त्या लिहिण्याला तुमच्याकडे उत्तर नसेल.

त्याच महिन्यात ठराव घेतला. आता नियमच केलाय, कुटुंबाला वस्तू द्यायची असेल तर मी आणि एक विश्वस्त मिळून ठराविक रकमेपर्यंत देऊ शकतो, नंतरच्या मीटिंगला मंजुरी. तेव्हापासून ३ मशीन, एक हातगाडी आणि एक इस्त्री गेलीय वस्तीत. रजिस्टर आणि हॉल जुळतात.

पगाराचं प्रकरण सगळ्यात नाजूक, पण लिहिते, कारण ज्या बायका अशा संस्था चालवतात त्यातल्या निम्म्या हेच करत असणार. मी पहिली ९ वर्षं पगार घेतला नाही. अभिमानानं सांगायचे. नंतर "मानधन" म्हणून ६ हजार, ते पण प्रवासखर्चात दाखवलेलं. सरांनी बघितलं आणि कागद बाजूला ठेवला. म्हणाले, मॅडम तुम्ही उद्या आजारी पडलात तर तुमच्या जागी माणूस ठेवायला किती लागतील? मी म्हणलं ३५-४० हजार. म्हणजे तुमच्या संस्थेचा खरा खर्च कागदावर आहे त्यापेक्षा वर्षाला साडेतीन-चार लाखांनी जास्त आहे आणि तो तुम्ही लपवताय. देणगीदाराला वाटतं एवढ्यात होतं. पुढच्या माणसाला पण एवढ्यातच करायला लावाल.

"लपवताय" हा शब्द मला लई लागला. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पण खरं होतं. आमच्या घटनेत विश्वस्ताला पगाराची तरतूद नाही, म्हणून मी विश्वस्तपदाचा राजीनामा दिला, पगारी संचालक झाले, रीतसर नेमणूकपत्र, रीतसर टीडीएस, आणि चेंज रिपोर्ट (यावेळी ९० दिवसांच्या आत, १९व्या दिवशी टाकला, उतारा फ्रेम करायचा राहिलाय फक्त). एका जुन्या विश्वस्तांना आवडलं नाही, म्हणाले सेवाभाव राहिला नाही आता. ते स्वतः पेन्शनवर आहेत. जाऊ दे.

ग्रॅच्युइटीचं पण त्यांनीच डोक्यात घातलं. १० किंवा जास्त माणसं असली की लागू, ५ वर्षं झाली की वर्षाला १५ दिवसांचा पगार. आमच्याकडे सहा जणांना ५ वर्षं होऊन गेलेली, आणि बाजूला काढलेला पैसा शून्य. आता दर महिन्याला थोडं थोडं टाकतो. दुसऱ्यांच्या घरातल्या पोरांचं भविष्य बघणारी संस्था आणि स्वतःच्या माणसांचं बघितलं नव्हतं, एवढंच म्हणते.

फंडरांशी बोलायला पण त्यांचा फार उपयोग झाला. एका कंपनीच्या सीएसआरवाल्या (समाजकार्याचा निधी बघणाऱ्या) पोरीनं मला सांगितलं की ॲडमिन ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, त्यामुळे समुपदेशकाचा पगार आणि भाडं कापलं. मी मान डोलवून आले होते. सर म्हणाले, ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर चालवायच्या खर्चाला आहे, प्रोजेक्ट राबवायला लागणाऱ्या खर्चाला नाही. आणि समुपदेशक ॲडमिन कशी? घरोघरी जाणारी ताई हाच तर तुमचा प्रोजेक्ट आहे, तुम्ही काय दप्तरं वाटता का? दीड पानाचं पत्र करून दिलं, नियमाचा हवाला देऊन. पगार मंजूर झाला, भाडं निम्मं झालं. दप्तराला पैसे पटकन मिळतात हो, माणसाला मिळत नाहीत. दप्तराचा फोटो निघतो. ताई चार महिने एका घरात जाऊन बसली आणि शेवटी लग्न झालं नाही, याचा फोटो कसा काढणार, झालं असतं तर निघाला असता.

आता ज्याची मला स्वतःची लाज वाटते ते. आम्ही खिसे बदलायचो. म्हणजे एका प्रोजेक्टचे पैसे आले की दुसऱ्या प्रोजेक्टचा थकलेला पगार त्यातनं करायचा, ते आले की हे भरायचे. सगळे करतात म्हणून आम्ही पण. सरांनी पहिल्याच वर्षी हे पकडलं आणि चिडले नाहीत, नुसतं एक कागद केला, कुठला प्रोजेक्ट कुठल्याचं किती देणं लागतो. साडेसहा लाख. मला वाटत होतं दीड-दोन असतील. त्या वर्षी मी एक प्रोजेक्ट नाकारला, पहिल्यांदा आयुष्यात पैसे नको म्हणलं, कारण तो घेतला असता तर परत त्यातनंच जुनं भोक बुजवलं असतं. भोक अजून सगळं बुजलं नाहीये, सव्वा लाख बाकी आहे.

मार्चची गंमत तर सगळ्या संस्थावाल्यांना माहीत आहे. कंपन्या वर्षभर झोपतात आणि २८ मार्चला पैसे टाकतात, इकडे नियम असा की वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च झाले पाहिजेत. मग काय, लोक ३१ मार्चपर्यंत कसलीही खरेदी करतात, आमच्याकडं एका वर्षी ४० छत्र्या आल्या होत्या, सोलापुरात, छत्र्या! पाऊस पडतो किती इथं. सरांनी सांगितलं की असं उशिरा आलेलं पुढच्या वर्षात खर्चायला ९ए म्हणून फॉर्म आहे, किंवा ठराविक कामासाठी ५ वर्षांपर्यंत साठवायला फॉर्म १० आहे, वेळेत भरले की झालं. छत्र्या अजून माळ्यावर आहेत.

आणि ८०जी-१२एचं (१२ए म्हणजे संस्थेचं उत्पन्न करमुक्त ठेवणारी नोंदणी) नूतनीकरण. २०२१ ला सगळ्यांनी परत अर्ज केले होते त्याची ५ वर्षं मार्च २०२६ ला संपत होती, अर्ज सहा महिने आधी म्हणजे सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता, हे त्यांनी मला जानेवारीतच भिंतीवर लिहायला लावलं. खरोखर भिंतीवर, ऑफिसच्या, मार्करनं. १२एच्या नोंदणीत एक बरं झालंय, वर्षाला ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या छोट्या संस्थांना आता ५ ऐवजी १० वर्षांची मुदत मिळते. एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवीन कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा वर जे फॉर्मचे आकडे लिहिलेत ते पाठ करू नका, तुमच्या सीएला विचारा. मला आत्ता कुठं जुने पाठ झाले होते.

बरं, एक स्टार का कापला.

सप्टेंबरात फोन उचलत नाहीत. अजिबात. ऑडिट रिपोर्टची मुदत ३० ला असते ते मान्य, पण एकदा फंडरची माणसं सेंटरवर बसलेली, त्यांना एक युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामालाच वापरले याचा दाखला) हवं होतं, मी ११ फोन केले, शेवटी रिक्षा करून ऑफिसला गेले तर सर आत जेवत होते. चपाती-भाजी समोर आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये. म्हणाले जेवताना मी फोन घेत नाही. दुपारचे सव्वाचार वाजले होते.

दुसरं, आर्टिकलची मुलं सारखी बदलतात. एकाला आमचं काम समजावून सांगितलं, बाल कल्याण समिती म्हणजे काय, आम्ही मुलं "ठेवत" नाही, आमचं वसतिगृह नाही, वगैरे, की तो परीक्षेला जातो आणि दुसरा येऊन विचारतो, मॅडम तुमचा अनाथाश्रम कुठाय? या वर्षात तीन वेळा झालं. एकानं तर व्हाउचरमधल्या वडापाववर लाल पेननं लिहिलं होतं, "सदर खर्चाचे समर्थन?" समर्थन काय, पोरगं उपाशी होतं बाबा.

तिसरं, फी. ४० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७ हजार २००. आमच्यासारख्याला जड आहे आणि जीएसटी आम्हाला कुठं परत मिळत नाही. पण वर २६ हजार, अडकलेलं खातं आणि मोडलेली एफडी सांगितलीय ना, ती मांडून बघा. तरी मी दरवर्षी घासाघीस करते, ते दरवर्षी दोन हजार कमी करतात आणि नंतर चेंज रिपोर्टचे वेगळे लावतात.

चौथं, बोलणं. ओरडत नाहीत पण टोचतात. आमच्या अकाउंटंट ताईला (पार्टटाईम, बी.कॉम., टॅली स्वतः शिकलेली) एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, ही कॅशबुक आहे का रोजनिशी. ती रडली. मी त्या दिवशी त्यांना सांगितलं की सर, आमच्याकडं मुलांशी पण कुणी असं बोलत नाही आणि माणसांशी पण नाही. सॉरी म्हणाले नाहीत. पण पुढच्या खेपेला तिला समोर बसवून दोन तास बँक रिकन्सिलिएशन (कॅशबुक आणि बँकेच्या नोंदी जुळवणं) शिकवलं, चहा मागवला आणि आता काही विचारायचं असलं की मला नाही, तिला फोन करतात. ती उचलते पण, सप्टेंबरात सुद्धा.

ज्यांना असा सीए शोधायचाय त्यांना एक सांगते, आधी फी विचारू नका. विचारा की तुमच्याकडे अशा किती संस्था आहेत, आणि धर्मादायचं काम स्वतः करता का दुसऱ्याकडे देता. निम्मे सीए आयकर बघतात आणि धर्मादायकडे ढुंकून बघत नाहीत, आमचं घोडं तिथंच अडलं होतं. आणि एकदा सेंटरवर बोलवा. येतो म्हणून न आलेला माणूस पुढं पण येत नाही. परदेशी देणगी घेणार असाल तर मात्र एफसीआरएचा अनुभव असलेलाच बघा, ते प्रकरण पार वेगळं, दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं काढण्यापासून सुरुवात, आम्ही त्या वाटेला गेलेलो नाही.

आणि हो, देणगीदारांना रोख घेताना २ हजारांच्या वर ८०जी मिळत नाही हे आधीच सांगा, नंतर वाद होतात. साड्या, गहू, जुनी सायकल दिली तरी त्याचं ८०जी होत नाही. नवीन करप्रणालीत गेलेल्यांना तर या सवलतीचा उपयोगच नाही, तरी सर्टिफिकेट मागतात, मागू देत, द्या. बँकवाले काका परत आलेत, हे सांगायचं राहिलं. मध्यंतरी मीच धीर करून फोन केला, दोन वर्षांची कागदं घेऊन घरी गेले, त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पान बघितलं, ४० मिनिटं, मी पाणी पीत बसले. मग चेक लिहिला. ५ हजारांचा. आधी १० द्यायचे. मी काही बोलले नाही, पावती फाडली, आणि १०बीई ३१ मेच्या आत पोचतं केलं, स्वतः.

नवीन नको म्हणालेत तरी सरांकडंच जायचं असेल तर मला फोन करा, पत्ता सांगते, पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद, फायली एकट्यानं नेऊ नका.